पट्टी सोडतानाचा टक्

आधीच सांगतो, भूतखेत, अंगात येणं असल्या गोष्टींची मी आयुष्यभर टिंगल केली. काटोलकडच्या आमच्या खानदानातला पहिला ग्रॅज्युएट मी... बी.एस्सी., तेही इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. म्हणूनच हे लिहिणं जड जातंय.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. शहरातल्या सदर भागात माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या गल्लीत डिसिल्वा मॅडम एकट्या राहायच्या. कॉलेजात इंग्रजीने मला रडवलं तेव्हा त्यांनी फुकट शिकवलं, वर पियानोही. त्या नसत्या तर मी संत्र्याच्या पेट्या ठोकत बसलो असतो.

त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं गेलं. मग तोंडच उघडेनात. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं तरच आशा.

काय करावं सुचेना. त्यांच्या लहानपणी घरात वडिलांचा हार्पसिकॉर्ड होता – पियानोचा पूर्वज, यात पट्टी दाबली की पिसाचं टोक तार छेडतं. पुढे तो वाळवीने खाल्ला. त्याचा विषय निघाला की मॅडम खुलायच्या. मी एका ऑर्केस्ट्रावाल्याचा जुना डिजिटल सिंथेसायझर विकत घेतला आणि तो आवाज बनवायला बसलो. बरोक काळातली, म्हणजे हार्पसिकॉर्डच्या जमान्यातली, एक चाल त्यांनीच मला शिकवली होती. त्या काळी वाद्यं जरा खालच्या सुरात लावत, असं त्या सांगायच्या, म्हणून सूर थोडे उतरवले. रेडिओतली खरखर काढावी तसं जे जे नको वाटलं ते काढून टाकलं... आवाज अगदी स्वच्छ. रोज दुपारी पलंगाशी बसून वाजवायचो. मॅडम भिंतीकडे तोंड फिरवायच्या.

एक दिवस बाबा काटोलहून संत्री घेऊन आले.

"काहून त्या डब्ब्याले ठोकून राहिला गा? त्याईले रस पाज."

"पीत नाहीत ना बाबा. तेच तर."

"मंग वाजव. मी बसतो चमचा घेऊन."

वाजवू लागलो. आणि पट्टी सोडली की – दाबताना नाही, सोडताना – बारीक टक्. सुक्या लाकडावर नख पडावं तसा.

"हे टकटक काय होऊन राहिली?" बाबांनाही ऐकू आलं.

मला वाटलं, मशीन गेलं. हात उचलणार, तोच मॅडमनी मान वळवली. नजर माझ्या बोटांवर. ओठ उघडले.

"घ्या बाई, घरच्या बागेतला हाये," बाबा म्हणाले. वाटी संपेपर्यंत मी थांबलो नाही. बोटं आखडली होती.

संध्याकाळी मशीन उघडलं. सगळं धड. पुन्हा वाजवलं, टक् नाही. पुढे लायब्ररीतल्या एका पुस्तकात वाचलं – हार्पसिकॉर्डची पट्टी सोडली की पीस तारेला घासून खाली येतं, तेव्हा टक् असा आवाज होतो. मला हे माहीतच नव्हतं. मी तो आवाज घातलाच नव्हता.

मॅडम रसावर, पेजेवर उन्हाळ्यापर्यंत तगल्या. मग पुन्हा तोंड मिटलं. मी तीच चाल दिवसभर वाजवली. पट्ट्या झटक्यात सोडल्या, हळू सोडल्या... टक् येईना. शेवटी मीच पलंगाच्या लाकडावर नखाने टक् वाजवला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यातच त्या गेल्या. पण रस घेतला त्या दुपारी काय झालं होतं, मला आजही सांगता येत नाही. मशीन चालू आहे. पट्टी सोडताना कान अजून तिकडेच जातो.