व्हय म्हाराजा

देवबागच्या आमच्या फुटबॉल क्लबाचा इतिहास फक्त गोलकीपरला तोंडपाठ होता. चेंडू तेव्हा पोर्तुगीजांच्या गोव्यातून यायचा. सामन्याआधी गोलकीपर ओल्या वाळूवर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घाली. दर्यात बुडालेल्या खेळाडूंची नावं डोळे मिटून, एका सुरात घेई आणि म्हणे, "ह्येंका शांत ठेव रे म्हाराजा!"

आम्ही ओरडायचो, "व्हय म्हाराजा!"

एकदा त्या नावांत माझं नाव आलं.

"माजा नाव कित्याक घेतलंस रे?" मी नंतर विचारलं.

"तोंडाक इला, घेतलंय," तो चेंडूवरची वाळू पुसत म्हणाला.

मी होडीत पाय ठेवणं सोडलं. तो मात्र दर सामन्याला माझं नाव तिथंच घेत राहिला. गाऱ्हाण्याला गप्प राहायची आमच्यात रीत नाही. सगळ्यांबरोबर मीही म्हणायचो, "व्हय म्हाराजा!"