एकच टॉपर, तीन क्लास

निकालानंतर पेपरात पानभर हार घातलेले टॉपर दिसले, की मला लातूरच्या एका क्लासमधली, तापलेल्या मॉनिटरांच्या वासाची संगणक खोली आठवते. तिथे मी मुलांना शिकवायचो, की वेबसाइट कुणी आणि कशासाठी लिहिली ते बघा, दुसरीकडे पडताळा, मग आपल्या ब्लॉगवर मांडा. रेणापूरच्या एका शिंप्याच्या मुलीने आमच्याच क्लासची वेबसाइट तपासली. आमचा टॉपर आणखी दोन क्लासच्या वेबसाइटवर त्यांचा टॉपर म्हणून हसत होता. तिने तिन्ही फोटो आपल्या ब्लॉगवर शेजारी शेजारी लावले. संचालकांनी तिला, तिच्या वडिलांना आणि मला समोर उभं केलं. "खाल्ल्या ताटात थुंकून राहिली का गं?" ते ओरडले. मी म्हणालो, "सर, गृहपाठ मीच दिला होता." "तुमचं नंतर बघतो. हिची बॅच आजपासून बंद." बारावी तोंडावर आली होती आणि ब्लॉगवर नाव आलेले बाकीचे दोन क्लासही तिला दारात उभं करणार नव्हते. ती म्हणाली, "पण खोटं काय लिहिलं मी?" संचालकांनी दाराकडे बोट दाखवलं. जिन्यात तिचे वडील माझ्याकडे वळले. "तुमची तालीम लई चांगली हाय, सर. आधी सोताच्या लेकरावर करून बघायची होती." तेव्हा मला मूल नव्हतं. आता मुलगी अकरावीत आहे, तशाच एका क्लासमध्ये. त्या क्लासची वेबसाइट मी तपासली आहे. तिला मात्र ते तपासणं मी अजून शिकवलेलं नाही.