हिरव्या खुणेचं उत्तर

अमडापूरच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. फळ्यावर चुकलो तर डस्टर हाताशी असायचं. निवृत्तीनंतर मोबाइलवरच्या एका शेती-मंचावर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला लागलो. तिथे डस्टर नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दोन वर्षांपूर्वी कुणीतरी दोन औषधांची नावं देऊन विचारलं, सोयाबीनवर हे तणनाशक आणि हे अळीचं औषध एकाच पंपात चालेल का? मी घाईत लिहिलं, चालेल. त्याने त्यावर 'योग्य उत्तर' अशी हिरवी खूण केली आणि तो पुन्हा मंचावर फिरकला नाही. आठवड्याने मला कळलं, ती दोन एकत्र केली की पानं करपतात. उत्तर बदलायला गेलो, तर एका दिवसानंतर बदलता येत नाही. खूण मिळालेली, म्हणून खोडताही येत नाही. मग खालीच लिहिलं: माझं चुकलं, वेगवेगळं फवारा. पण तिथे ज्याला लाइक जास्त ते वर, आणि माझी दुरुस्ती तळाशीच राहिली. सावध करायला नवा विषय काढला, तर 'हा प्रश्न आधीच सुटला आहे' म्हणून मंचाने तो बंद केला आणि माझंच चुकीचं उत्तर पुढे केलं. मंचाच्या चालकांना चार वेळा लिहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी कंटाळून नाद सोडला. तो सोडायला नको होता.

यंदा उंद्रीहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, "सर, जरा वावरात येता काय?" गेलो. दोन एकर सोयाबीन करपलेलं. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने आधी मला बांधावर बसवून चहा दिला.

"तुमचं उत्तर सगळ्यात वर होतं, सर. तेच पाहून फवारलं. खालचं मंग दिसलं."

"मग आता तरी त्या खालच्याला लाइक दे. वर येईल, दुसरा वाचेल."

तो मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही 'माझं चुकलं' लिहिलं, त्याले लाइक करू काय मी? शोभते काय ते?"

तेव्हा उलगडा झाला. त्या मंचावर निम्मे माझेच विद्यार्थी. दुरुस्ती पुष्कळांनी वाचली होती. वर्गात माझं गणित चुकलं की हीच पोरं वहीत गुपचूप बरोबर उत्तर लिहायची आणि गप्प बसायची. तेव्हा मला त्या गप्प बसण्याचा अभिमान वाटायचा. दोन वर्षं मी मंचाला शिव्या घालत होतो, आता कुणाला घालाव्यात ते कळेना.

मी फोन उघडला. चुकीच्या उत्तराला अठ्ठेचाळीस लाइक, शेवटचं त्याचं.

"हे तरी काढून घे, बाबा."

"राहू द्या, सर. मास्तरले दिलेलं वापस घेत नसते कोणी," तो म्हणाला आणि माझ्या कपात उरलेला चहा ओतला.