मागचं बटण आणि मथुराआत्या

आधीच सांगते, माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून जमत नाही, त्याबद्दल माफ करा. मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहितेय. तुमच्या पुरवणीत लोक असे अनुभव लिहितात ते मी वाचते... मी पाठवीन की नाही, ठाऊक नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून निदान लिहून ठेवते.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. सासूबाईंच्या अंगात यायचं तेव्हा घरची सगळी हात जोडून बसायची आणि मी चुलीपाशी भाकऱ्या थापत असायचे. वारं ओसरलं की सगळ्यांना भूक लागणार आणि ते काम माझंच, एवढंच मला कळायचं. आजही तेवढंच कळतं. पण त्या सहा महिन्यांत जे झालं ते मला कशातच बसवता आलेलं नाही.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, शहापूरच्या हद्दीला लागून. मुरबाडहून एसटी दिवसातून तीनदा, तीही फाट्यापर्यंत. तिथून पाऊण तास पायी. दोन हजार आठ-नऊची ही गोष्ट. गावात आमचा बारा बायकांचा बचत गट होता. दर महिन्याच्या दहा तारखेला दुपारी तीन वाजता शाळेच्या ओट्यावर बैठक. अध्यक्ष रंजनावैनी आणि खजिनदार मी. मला खजिनदार केलं ते हुशार म्हणून नाही. रंजनावैनी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "हिला करा. ही कोणाशी बोलतच नाय, पैशाचं कुठं बोलेल?"

माझी मुलगी निशा कल्याणला एका छोट्या कंपनीत होती. एका खोलीत चार माणसं बसून मोबाइलसाठी प्रोग्राम बनवायची. बचत गटाचा हिशेब बटणांच्या मोबाइलवर ठेवता येईल असा एक प्रोग्राम तिने केला आणि तो पहिल्यांदा आमच्या गटात वापरून बघायला दिला. "आई, तुला जमला तर सगळ्यांना जमेल," म्हणाली. यात माझं कौतुक किती आणि परीक्षा किती, ते तिचं तिला माहीत. पण मी खूश होते. माझ्या त्या अक्षरात वही लिहायची सुटका झाली होती. वही मी बंदच केली... ही माझी पहिली चूक.

प्रोग्राम सोपा होता. नावांची यादी यायची. नाव निवडलं की त्या बाईचा हप्त्याचा पडदा यायचा. आकडा टाकायचा आणि मधलं मोठं बटण दाबायचं, की 'जतन झाले' अशी अक्षरं उमटायची. उजवीकडचं बटण 'मागे'. ते दाबलं की आधीचा पडदा.

आता आमच्यातल्या पाच बायका अंगठेवाल्या. वहीवर हप्ता लिहिला की शाई लावून अंगठा द्यायच्या, तेव्हाच त्यांना पैसे भरल्यासारखे वाटायचे. मोबाइल आल्यावर पहिल्याच बैठकीत मथुराआत्याने विचारलं, "लिवलंस का गो? मग अंगठा कुठं देऊ?"

मथुराआत्या म्हणजे यांच्या नात्यातली आत्या. लवकर विधवा होऊन माहेरी परत आलेली, सत्तरीच्या आसपासची. हातात हप्त्याची पन्नासाची नोट, चारदा दुमडून सुपारीएवढी केलेली.

मी 'मागे' दाबलं. तिचा पडदा पुन्हा समोर आला. तो तिला दाखवला आणि ते मोठं बटण पुढे केलं. आत्याने अंगठा पदराला पुसला आणि बटणावर नीट टेकवला, दोन आकडे मोजेपर्यंत.

"हां. आता झालं. शाई पण नाय लागली."

"आत्याबाय, आता तुमी मोबाइलवाल्या," कोणीतरी म्हणालं.

"मग काय! उद्या तुज्या नवऱ्याला फोन लावते, बायको कामं करीत नाय सांगते."

सगळ्या हसल्या. मग बाकीच्या चौघींनीही बटणावरच अंगठे दिले. सात महिने हे असंच चाललं. सह्या करणाऱ्यांना पडदा दाखवायची गरजच पडायची नाही.

आत्याने नातीच्या बाळंतपणाला पंधराशे रुपये घेतले होते, मोबाइल आला तेव्हा त्यातले सातशे राहिले होते. व्याज आम्ही आधीच कापून घ्यायचो. जामीन मी. सातव्या बैठकीला मोबाइलने तिची बाकी शून्य दाखवली आणि मी, कधी नव्हे ती मोठ्याने बोलले, "आत्या, तुमचं फिटलं."

"फिटलं? समदं?"

"समदं."

दुसऱ्या दिवशी तिने घरोघरी जाऊन गूळ-खोबरं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात रंजनावैनी बँकेतून पासबुक भरून आली. बँकेत पैसे कमी, मोबाइलात जास्त. निशा रविवारी आली, नोंदी बघितल्या आणि कपाळाला हात लावून बसली. पाच बायकांचे सगळे हप्ते दोन-दोनदा चढले होते. बरोबर अंगठेवाल्या पाचजणींचे.

मला तिने दुरडीतल्या भाकऱ्यांवरून समजावलं. "पडदे असे एकावर एक ठेवलेले असतात, आई. शेवटची भाकरी सगळ्यात वर. मागे दाबलं की वरची निघते आणि खालची दिसते. हप्ता जतन झाला की तो पडदा मी दुरडीतून काढूनच टाकायला हवा होता. तो खाली तसाच राहिला. तू मागे गेलीस, तो सापडला, त्यावर परत बटण दाबलं. परत हप्ता."

"बटण नाही, अंगठा दिला त्यांनी."

"मोबाइलला ते कळत नाही गं."

तिने प्रोग्राम दुरुस्त केला. आता जतन झालं की मागे नावांची यादी, यादीवरून मागे पहिला पडदा, आणि तिथून मागे दाबलं की प्रोग्राम बंद. हप्त्याचा पडदा मागे सापडणारच नाही. माझ्यासमोर तिने वीस वेळा तरी दाबून बघितलं. चौघींना सांगितलं, मशीनची चूक होती, जास्तीचे हप्ते काढले. "मशीनपण खोटं बोलतं काय गो?" एवढं म्हणून त्या गप्प झाल्या. त्यांची कर्जं अजून चालूच होती.

राहिली मथुराआत्या. सात खोटे हप्ते. साडेतीनशे रुपये बाकी.

सांगायला मी गेले होते. तिने काळा चहा केला. चहा ओतता ओतता म्हणाली, "आता माज्या डोक्यावर कोणाचं काय नाय, सूनबाय. झोप कशी गाढ लागते." मी चहा प्यायले, कप विसळला आणि परत आले. म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. भाताच्या आवणीचे दिवस होते, दिवसभर चिखलात वाकून कंबर मोडलेली, बोलायचं त्राण नव्हतं... असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला धीर झाला नाही.

आठ दिवसांनी आत्या गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

कार्य उरकल्यावर रंजनावैनी आत्याच्या मुलाकडे, कैलासकडे, पैसे मागायला गेली. मी मागे उभी.

कैलास म्हणाला, "आयचं फिटलंय. तुमीच बोललात. गूळ खाल्लात ना घरी बसून?"

"मशीन चुकलं होतं रे."

"मशीनला पोट असतं काय? कोणी खाल्लं ते बघा आधी." आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं, की चूक माझी, आत्याला काहीच माहीत नव्हतं. नाही बोलले. गावात दोन्हीकडून कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे म्हातारी बुडवून गेली आणि वर गूळ वाटला. कोणी म्हणे खजिनदारणीने खाल्लं. माझ्यापेक्षा मला तिचं जास्त लागायचं. ती उत्तर द्यायला येणार नव्हती.

मी ठरवलं, अंडी विकून महिन्याला पन्नास बाजूला टाकायचे आणि गुपचूप डब्यात घालून तिच्या नावावर चढवायचे. सात महिने.

ऑगस्टची बैठक. माझी नोट कमरेला खोचलेली. अकराजणींचे पैसे घेतले, चढवले. डबा माझ्या आणि रंजनावैनीच्या मध्ये, किल्ली माझ्या गळ्यात. रंजनावैनीने पैसे मोजले, परत मोजले.

"पन्नास जास्त आले गो. कोणी दोनदा दिले काय?"

सगळ्या नाही म्हणाल्या. मी कमरेला हात लावला. माझी नोट तिथेच होती.

मी मोबाइल बंद करायला 'मागे' दाबलं. यादी. 'मागे'. पहिला पडदा. 'मागे'. आता बंद व्हायला हवा होता. हप्त्याचा पडदा आला. नाव – मथुरा. रक्कम – पन्नास. खाली 'जतन झाले'.

बाजूला पोरं लंगडी खेळत होती, ऊन पडलं होतं. घाबरावं असं आजूबाजूला काहीच नव्हतं. मी पुन्हा 'मागे' दाबलं आणि मोबाइल नेहमीसारखा बंद झाला. घरी येऊन बघितलं तर आत्याची बाकी तीनशे.

मला वाटलं, दुपारच्या उन्हात चक्कर आली असेल आणि मीच कधीतरी दाबलं असेल. पण सप्टेंबरमध्येही तेच, माझी नोट टाकायची वेळच आली नाही. पन्नास जास्त, तिसऱ्यांदा मागे गेल्यावर तोच पडदा, बाकी अडीचशे. डब्यातली एक नोट बारीक चौकोनी घड्या पडलेली. ऑक्टोबरला मी निशाला सांगितलं. ती हसली नाही, याचंच मला बरं वाटलं.

मोबाइल ती कल्याणला घेऊन गेली. पुढच्या रविवारी आली ती थकलेली.

"आई, सगळा प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. पहिल्या पडद्याच्या मागे काही ठेवलेलंच नाही. तिथून मागे म्हणजे बंद. दुसरा पडदा येईल कुठून?"

"येतो मात्र."

"नोंदी खऱ्या आहेत. तीन हप्ते, तीनही दहा तारखेला, तीनही दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी."

तीन दहाला मोबाइल माझ्या मांडीवर असतो. त्या वेळी मी हजेरी घेत असते. हप्ते त्यानंतर.

निशाने पूर्ण नवीन करून प्रोग्राम पुन्हा टाकला. तिच्या हातून मागे दाबलं की सरळ बंद व्हायचा. नोव्हेंबरला बैठकीत माझ्या हातून – मथुरा, पन्नास, जतन झाले. निशा म्हणाली, हे कोणाला सांगू नकोस, कंपनीत कळलं तर माझी नोकरी जाईल.

कोणी डब्यात नोट टाकतं का, हेही मी बघितलं. कैलास दिवाळीआधीच भिवंडीला गोदामात कामाला गेला होता, तरी नोव्हेंबरला नोट आलीच. रंजनावैनी दुसऱ्यासाठी पाच रुपये सोडणारी नाही. आणि नेमके सात हप्ते राहिलेत हे मी, निशा आणि रंजनावैनी सोडून गटात कोणाला ठाऊकच नव्हतं. बाकीच्यांना नुसती 'बाकी आहे' एवढीच खबर. आत्याला तर मी कधी सांगितलंच नव्हतं...

डिसेंबर. जानेवारी. मला भीती वाटायची बंद झाली होती. नुसता शीण यायचा. मी तिला महिन्या-महिन्याला ओट्यावर यायला लावतेय असं वाटायचं. जिवंतपणी गुडघे दुखायचे तिचे, शाळेची चढण चढताना दोनदा बसायची.

फेब्रुवारीची बैठक. पैसे मोजले. बरोबर आले, जास्त काही नाही. मी मागे, मागे, मागे दाबलं. प्रोग्राम बंद झाला. पुन्हा उघडून दाबलं, तरी बंद. आत्याची बाकी पन्नास.

बायका उठायला लागल्या होत्या. मी म्हटलं, "थांबा."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. रंजनावैनी अर्धी उठलेली परत बसली. "काय गो, बरं नाय का?"

"आत्यांनी कोणाचं बुडवलं नाय," मी म्हटलं. "चूक माजी. मागचा पडदा दाखवून मी तुमचे अंगठे दोनदा घेतले. वही बंद केली ती पण मीच. त्यांचं फिटलं म्हणून मीच बोलले, आणि चुकलं ते कळल्यावर त्यांना जाऊन सांगितलं नाय. त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नवतं."

अंगठेवाल्यांपैकी एक म्हणाली, "मग इतके दिवस गप का ऱ्हायलीस?"

रंजनावैनीने हिशेब विचारला. तीनशे कसे आले तेही मी सांगितलं. कोणी पदर तोंडाला लावला, कोणी मान हलवली, एक नुसतीच "अगो बाय" म्हणाली. विश्वास किती जणींनी ठेवला, माहीत नाही. पण त्या दिवसानंतर आत्याचं नाव कोणी वाईट तोंडाने घेतलं नाही. माझं घेतलं असेल.

हे का झालं, कसं झालं, ते मला आजही सांगता येत नाही. निशा आता मोठ्या कंपनीत आहे. तिलाही सांगता येत नाही. तो मोबाइल कधीच बिघडला.

त्या दुपारी मी अंड्यांच्या पैशातली पन्नासाची नोट काढून सगळ्यांसमोर डब्यात टाकली. यादीतून मथुरा नाव निवडलं, आकडा टाकला आणि मोठं बटण दाबलं. बाकी शून्य झाली. रंजनावैनीने पैसे पुन्हा मोजले आणि म्हणाली, "बरोबर हाय."