न सांगितलेले तीन शब्द

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही बसेल असं वाटत नाही. मी शेलूला राहते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. आरोपी खरंच मनोरुग्ण आहे की सोंग करतोय, हे तपासून कोर्टाला रिपोर्ट द्यायचा, हे माझं काम. इतकी सोंगं पाहिलीत की आता नुसता कंटाळा येतो... भीती कसली!

स्मरणशक्ती तपासायला मी तीन शब्द सांगते आणि पाच मिनिटांनी परत विचारते. आळसापायी वर्षानुवर्षं तेच तीन वापरले. कोठडीत आरोपी ते शब्द एकमेकांना पढवतात हे कळल्यावर लाज वाटली. म्हणून त्या सकाळी कुंभिवलीच्या टपरीवर चहा पिताना मनातल्या मनात नवे ठरवले — चाळण, जांभूळ, पायरी. कुठे लिहिले नाहीत, कुणाला बोलले नाही.

अकरा वाजता खालापूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात पोलिसांनी हिराबाईला आणलं. जावेला, सुमनला, विहिरीत ढकलून मारल्याचा आरोप. हिराबाईचं एकच, सुमन इथेच माझ्या शेजारी बसलीय. "नाटक हाय मॅडम सगळं," कॉन्स्टेबल बाई कुजबुजल्या. नाटक ठरलं तर खटला लगेच, आजार ठरला तर आधी उपचार. सगळं माझ्या सहीवर.

मी म्हटलं, "हिराबाई, आता मी तीन शब्द सांगते—"

"चाळण, जांभूळ, पायरी." मग ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर खेकसली, "गप गं सुमे! मॅडमना बोलू दे की."

खरं सांगते, मी समोरचे कागद उलटून पाहिले; ते शब्द कुठेच लिहिलेले नव्हते.

बाकी लक्षणं आजाराचीच होती, तसं मी लिहिलं. त्या तीन शब्दांचं लिहिलं नाही. कोर्टाला काय सांगणार होते, कपाळ!

काही महिन्यांच्या उपचारांनंतर तिला पुन्हा तपासलं. शांत होती, अंगानं जरा भरली होती. नवे तीन शब्द सांगितले, पाच मिनिटांनी त्यातले दोन तिला आठवले. आरोप काय, कोर्टात काय होणार, हेही तिला नीट कळत होतं. म्हणजे खटला चालवायला हरकत नाही. सही करता करता मी विचारलं, "आणि सुमन?"

"गोळ्यांनी गेली ती." तिनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "सगळे बोलतात मीच ढकललं. मला तर कायच आठवत नाय. काय झालं ते तिलाच ठावं... ती व्हती तवा तुमी तिला इचारलं का नाय, मॅडम?"

ते शब्द तिला कसे कळले, हे मला आजही सांगता येत नाही. त्यापेक्षा तिला काय उत्तर द्यायचं होतं, तेच अजून सुचलेलं नाही.