पाटीवरचा ओघळ

आमच्या मामाला सगळा रस्ता ‘हलूनका’ म्हणतो. तीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढणाऱ्याला दुसरं काय नाव मिळणार? समोर पाच महिन्यांचं बाळ असो की बँकेचा मॅनेजर, मामा एकाच सुरात सांगतो, “हलू नका.”

शेजारच्या शिंपीणबाई एका सकाळी स्टुडिओत आल्या. त्यांच्या दुकानाची पाटी नवऱ्याने स्वतः रंगवलेली. तो जाऊन चार वर्षं झाली होती. आता सोमवारी दुकान पाडायला घेणार होते आणि गंजलेला पत्रा उतरवताना टिकणार नाही, असं मुकादमाने सांगून टाकलं होतं.

“तेवढा एक फोटो काढून द्या, भाऊ. नाहीतर त्यांच्या हातचं माझ्याकडे काहीच उरत नाही.”

दुकान ठेंगणं, दोन उंच इमारतींमध्ये चेपून बसलेलं. पाटीवर ऊन म्हणून पडत नाही. मी म्हटलं, मोबाइलवर काढू, मग उजळवू. मामाने असं काही पाहिलं की मी मोबाइल परत खिशात टाकला. तीन दिवस सकाळी तो समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला युक्ती सापडली: समोरच्या दातांच्या डॉक्टरांची खिडकी अर्धी उघडली, की काचेवरचं ऊन नेमकं पाटीवर येतं. मग काय, पेशंटला तसाच आ वासलेला ठेवून डॉक्टर खिडकी धरायला आले आणि खालून मामा ओरडला, “डॉक्टर, हलू नका!”

दोन्हीकडे काळोख्या भिंती आणि मध्ये उजळलेली ती पाटी. असा फोटो मला जन्मात जमला नसता.

संगणकावरचं काम माझं. आड येणाऱ्या तारा काढल्या, गंज काढला. शेवटच्या अक्षराखाली हिरव्या रंगाचा लांब ओघळ आला होता, तोही पुसला. लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग काढून काढून हाताला वळणच पडलंय. वर त्याच फाइलवर सेव्ह करून मोकळी झाले.

सोमवारी पत्र्याचा चुरा झाला. दुपारी मामाने प्रिंट पाहिली.

“ओघळ कुठे गेला?”

“घाण दिसत होता.”

“बाईंना विचारलंस?”

मामा ओरडला असता तर परवडलं असतं. त्याने फक्त कॅमेऱ्यातलं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. गिऱ्हाईक फोटो घरी नेईपर्यंत तो कार्ड पुसत नाही. या सवयीची मी किती टिंगल केली होती!

संध्याकाळी बाई आल्या. मामाने दोन्ही प्रिंट समोर ठेवल्या. माझी स्वच्छ प्रिंट पाहून त्या “छान आहे” म्हणाल्या. दुसरी हातात घेतली आणि खुर्चीवर बसल्याच.

“शिडी मी धरली होती,” ओघळावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. “ते वरून काहीतरी बोलले आणि मला हसू आवरेना. शिडी हलली. पुसून टाकतो म्हणत होते. मीच पुसू दिला नाही.”

मामा त्या फोटोसाठी चौकट शोधू लागला. बाई बराच वेळ बोटाखालच्या त्या हिरव्या रेघेकडे बघत होत्या, आणि मी कोणी न सांगता जागची हलले नाही.