इंजिन बंद, तेल गरम

"मॅडम, या वेळी तरी काहीतरी सापडू द्या," असं म्हणून रफिकभाईंनी मिनीबसची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. महिन्याभरातली ही तिसरी खेप. तक्रार तीच. महाबळेश्वरच्या वाटेवर ऑइल टेंपरेचरचा दिवा लागला, गाडीने पॉवर सोडली आणि सव्वीस पाहुण्यांना घेऊन ती रांगत घाट चढली.

मी तेव्हा खडकीतल्या एका वर्कशॉपमध्ये डायग्नोस्टिक टेक्निशियन होते. म्हणजे गाडीला कॉम्प्युटर जोडून तिचं दुखणं शोधायचं. लोकांना वाटतं, कॉम्प्युटर जोडला की तो दुखण्याचं नाव सांगतो. तसं असतं तर मला पगार देऊन कुणी ठेवलं असतं? तो फक्त कुठे दुखतंय ते सांगतो. का दुखतंय, ते आपणच शोधायचं.

या दुखण्यातली गोम थोडक्यात सांगते. इंजिनातलं तेल किती तापलंय हे मोजायला एक सेन्सर असतो. बोटभर लांब, दोन पिनांचा. तेल तापलं की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो. तो आकडा वाचतो ईसीयू, गाडीचा कॉम्प्युटर. ईसीयू हा सरकारी साहेबासारखा. समोर जो कागद येईल त्यावर सही करतो, जागेवर जाऊन बघत नाही. कागदावर 'तेल फार तापलं' असं आलं की तो इंजिन वाचवायला पॉवर कापतो. याला लिंप मोड म्हणतात, सरळ मराठीत लंगडी चाल.

पहिल्या खेपेला मी तेल, ते गार करणारा ऑइल कूलर, फॅन सगळं तपासलं. ठणठणीत. कात्रजच्या घाटात चालवून पाहिली, काटा हलला नाही. दुसऱ्या खेपेला सेन्सरच नवा टाकला. वायरी सेन्सरला जोडणाऱ्या कनेक्टरचं रबरी सील जरा सरकलेलं दिसलं होतं. जुन्या गाडीत असं चालायचंच, म्हणून मी ते बोटाने दाबलं आणि विसरले. चार दिवसांनी पुन्हा दिवा.

"इंजिनात काही नाही, तर मग चालवणाऱ्यातच दोष," असं मालक सोपानराव म्हस्के फोनवर म्हणाले होते. विश्रांतवाडीच्या पुढे त्यांचं गाव, आता पुणे महानगरपालिकेत गेलेलं. शेतीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि सोपानरावांनी गाड्या घेतल्या. आवाज असा, की फोन कानापासून वीतभर लांब धरावा. "ताई, तो तिसऱ्या गेरात बोंबलत नेतो गाडी. म्या सांगून ठिवलंय, ह्या शनवारी दिवा लागला, की रविवारी किल्ली द्यायची आन् घरी बसायचं."

रफिकभाई छप्पन्न वर्षांचे. भवानी पेठेत तीन पिढ्यांचं घर. अकरा वर्षं सोपानरावांकडे होते आणि त्यांच्या गाडीला एक ओरखडा नव्हता. या वयात नवा मालक कुठून मिळायचा? चहाचा कप त्यांच्या हातात तसाच गार झाला.

"दिवा कधी कधी लागला, वार आठवतात?" मी विचारलं.

"तिन्ही वेळा शनिवार. सोमवार ते शुक्रवार कंपनीची ड्युटी, तेव्हा काही नाही. पिकनिक शनिवारीच असते ना. घाटही शनिवारीच."

"घाटातच लागतो?"

ते विचारात पडले. "नाही मॅडम. मागच्या वेळी काटा शिरवळलाच चढला होता. घाट यायचा होता अजून."

सपाट रस्त्यावर, सकाळच्या गार हवेत तेल इतकं तापत नाही. म्हणजे कुणीतरी ईसीयूला खोटा कागद देत होतं. पण फक्त शनिवारी? शनीला आमच्या वर्कशॉपचा पत्ता कुणी दिला?

मी मॅनेजर देवधरांकडे गेले. "सर, शनिवारी सकाळी सहाला मी कस्टमरच्या घरी जाऊन गाडी बघते. सुरू व्हायच्या आधी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण घरपोच सेवा देत नाही."

"मी देते आहे."

"मग स्कॅनर जपून न्या. तो कंपनीचा आहे. तुम्ही तुमच्या आहात."

ही परवानगी असते. पुण्यात वाढलेल्या माणसाला ती ओळखू येते.

शनिवारी उजाडताना मी सोपानरावांच्या अंगणात पोचले. मिनीबस रात्रभर उभी होती. रफिकभाईंनी इग्निशन ऑन केलं, इंजिन सुरू करायचं नाही अशी मी ताकीद दिली आणि स्कॅनर जोडला. ही जुनी युक्ती आहे. रात्रभर थंड झालेल्या गाडीत रेडिएटरचं पाणी, आत येणारी हवा आणि तेल, तिघांचं तापमान साधारण सारखं असावं लागतं. एखादा वेगळं बोलला, की तो खोटारडा.

पाणी तेवीस. हवा बावीस. तेल तेवीस.

माझं तोंड उतरलं. सेन्सर खरं बोलत होता. वायरी हलवून पाहिल्या, कनेक्टर हलवून पाहिला, आकडा ढिम्म. सेन्सर खरा, तर तेल खरंच तापत असणार, आणि तेल खरंच तापत असेल तर सोपानरावांचं म्हणणं... रफिकभाई माझ्याकडे बघत होते. खरं सांगते, त्या क्षणी मीही त्यांच्यावर संशय घेतला, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

तेवढ्यात सोपानराव आले. आंघोळ झालेली, कपाळावर गंध, हातात तारेत ओवलेलं ताजं लिंबू आणि सात मिरच्या. "बसा ताई, येवढं बांधतो आन् मग बोलू." ते गाडीसमोर उकिडवे बसले आणि त्यांनी जाळीच्या आत हात घातला.

"आत का बांधता?" मी विचारलं.

"भायेर लोंबतं म्हून कंपनीवाले वरडत्यात. गाडीच्या भायेर काय बी दिसायला नको म्हनं. आत एक चांगला आकडा गावलाय, पक्कं बसतं."

या गाडीत ऑइल कूलर पुढच्या जाळीमागे असतो. आणि सेन्सर कूलरवर. सोपानरावांना गावलेला आकडा म्हणजे माझा कनेक्टर होता. त्यांनी त्याच्या मानेभोवती तार पिळली, सील बाजूला सरकलं आणि भोसकलेल्या लिंबाचा रस थेंब थेंब पिनांवर उतरू लागला. आंबट रसातून वीज जाते. दोन पिनांमध्ये तिला चोरवाट मिळाली, अडथळा कमी झाला आणि ईसीयूच्या टेबलावर कागद आला.

स्कॅनरवर तेल तेवीसवरून एकतीसवर गेलं.

"सोपानराव, जरा इकडे या," मी म्हणाले. "हे तेलाचं तापमान."

पंचेचाळीस. अठ्ठावन्न. ते वाकून बघत होते. सत्तर.

"आरं तिच्या! तापतीय की! रफिक, बंद कर, बंद कर इंजान!"

रफिकभाई अंगणाच्या मध्यभागी उभे होते, हात पाठीमागे. "मालक, सुरूच कुठे केलंय?"

सोपानरावांनी बॉनेटवर तळवा ठेवला. थंडगार. पुन्हा स्क्रीन पाहिला. एक्क्याऐंशी. मी जाळीत हात घालून लिंबू सोडवलं, कनेक्टर काढला, क्लीनर मारून कापडाने कोरडा केला आणि परत बसवला. तेवीस. लिंबाचे दोन थेंब पिनांवर पिळले. आकडा पुन्हा चढला. मला खरं तर तिसऱ्यांदाही करून दाखवायचं होतं, इतका आनंद झाला होता.

"म्हंजी रस्त्यात..."

"रस्त्यात तेल खरंच थोडं तापतं. त्यात लिंबाची भर. मग दिवा. सोमवारपर्यंत लिंबू सुकतं आणि गाडी शहाणी होते. दिवा लागला म्हणून तुम्ही पुढच्या शनिवारी काय केलंत?"

"दोन लिंबं बांधली," सोपानराव हळू आवाजात म्हणाले. त्यांना हळू आवाज आहे हे मला तेव्हाच कळलं.

मग मला आमचं पापही उमगलं. वर्कशॉपमध्ये गाडी आली की आधी वॉशिंगला जायची. पुढे लटकलेलं सगळं तोडून टाकायचं, पाणी मारायचं, हवेने वाळवायचं आणि मग ती माझ्याकडे. पुरावा दर वेळी गटारात जात होता आणि मी स्वच्छ गाडीत चोर शोधत होते. "रफिकभाई, लिंबू आत बांधतात हे तुम्हाला दिसत होतं ना?" मी विचारलं.

"दिसत होतं. पण मालकांची श्रद्धा आहे मॅडम. त्यावर मी कशाला बोलू?"

सोपानरावांनी हे ऐकलं. त्यांनी उपरण्याला हात पुसले. मग घराकडे तोंड करून ओरडले, "अगं ए, तीन चहा! रफिकभाईचा पयला!" आणि त्यांच्याकडे वळून म्हणाले, "चुकलं माझं. म्या उगाच तुमच्या मागं लागलो." अकरा वर्षांत त्यांनी रफिकभाईंना पहिल्यांदाच 'तुमच्या' म्हटलं असेल.

मी नवं सील बसवलं. लिंबू डॅशबोर्डवर आलं, काचेच्या आतल्या बाजूला. मिनीबस सव्वासातला वाईच्या रस्त्याला लागली आणि दुपारी रफिकभाईंचा फोन आला, की काटा मध्यावर आहे आणि पाहुणे स्ट्रॉबेरी खातायत. पुढची सहा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, तीच गाडी त्यांच्याच हातात होती.

देवधरांनी माझा रिपोर्ट वाचला. दोषाच्या रकान्यात मी 'लिंबू' असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं नाही. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, की गाडी आधी तपासायची आणि मग धुवायची.

त्यानंतर अनेक मालक ड्रायव्हरची तक्रार घेऊन माझ्या टेबलापाशी आले. माणूस गाडी तापवतो म्हणे. मी सगळं ऐकून घेते आणि एवढंच विचारते, इंजिन बंद ठेवून एकदा बघितलंत का?